काशीत काय सोडायचं

१८ जानेवारी

सोलापुरातली गड्ड्याची जत्रा उठली. जरा शांतता हाय म्हणून लिहायला बसले.

ही डायरी आमच्या मालकांच्या दुकानातली. मालक म्हणजे आमचे हे, महिपती. नवी पेठेत चादरीच्या दुकानात असतात. गिऱ्हाइकासमोर चादरी उलगडायच्या, आन गिऱ्हाईक तसंच निघून गेलं की परत घड्या घालायच्या, हे काम. त्यामुळं स्वभाव सोशिक. दिवाळीला मिळालेली डायरी सुनेनं माझ्या हातात दिली. अंकिता म्हणाली, आत्या, मनात येतं ते बोलायच्या आधी एकदा हितं लिहीत जावा. शिकलेली पोरगी हाय, माझ्या विचारांची किंमत तिला कळते.

माझं शिक्षण चौथी, वळसंगच्या शाळेत. पुढं शिकले असते तर कलेक्टर झाले असते, असं गुरुजींना वाटायचं. म्हणाले न्हाईत कधी, पर तोंडावर दिसायचं.

आजचा निर्णय. काशी.

पुण्यासाठी न्हाय. पुण्य माझ्याकडं हाय बक्कळ. काशी मालकांच्या तंबाखूसाठी. मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरनं त्यांच्या गालात बॅटरी मारून बघितलं, आत पांढरा डाग निघाला. डॉक्टर म्हणाला, अजून वाईट काही न्हाय, पर तंबाखू आजच्या आज बंद. मालक म्हणाले, बघू. डॉक्टरनं विचारलं, तिखट झोंबतंय का? मालकांनी माझ्याकडं बघितलं, मग म्हणाले, झोंबतंय. मी डॉक्टरला सांगितलं, तंबाखूनंच. दुसरं काय.

तवापासनं बघूच चाललंय. मी ओरडले, पुड्या गटारात टाकल्या, ऋतुराजची शपथ घातली. पोटच्या पोराची शपथ घेऊन मालक उठले आन गॅसच्या टाकीमागनं पुडी काढली.

पर काशीची गोष्ट वेगळी. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू गंगेत सोडायची, परत जन्मात तोंडाला लावायची न्हाय. माझ्या सासूनं सीताफळ सोडलं होतं, मरेपतोर सीताफळाच्या झाडाखालनंसुदिक गेली न्हाय. मालक आईचे लेक. गंगेत उभं राहून एकदा तंबाखू म्हणू द्यात. विषय संपला.

१९ जानेवारी

शेजारच्या वच्छलाला प्लॅन सांगितला. वच्छला माझी जिवाची. मी काही बोलले की मान हलवते, कधी उलट शब्द न्हाय. असं माणूस मिळायला भाग्य लागतं.

ती बौद्ध, तिला गंगेचं काही न्हाय. पर काशीला लागूनच सारनाथ हाय, बुद्धांनी पहिल्यांदा उपदेश केला ती जागा. तिला कधीचं जायचंय. म्हणाली, रंभा, तुझी काशी, माझं सारनाथ, एकाच बसमध्ये. मी म्हणलं, ये, पर एक काम कर. मालक तुझं ऐकतात, वच्छलाताई वच्छलाताई करतात. वाटेत त्यांच्या कानाला लाग. गंगेत काय सोडायचं ते तू त्यांच्या डोक्यात घाल.

म्हणाली, घालते.

२० जानेवारी

यात्रेची बस नेणारा चन्नवीर घरी आला. अक्कलकोटकडचा, मला रंभाक्का म्हणतो. बसला एसी न्हाय, पर खिडक्या उघडतात म्हणाला. आचारी सोबत हाय. मी म्हणलं, आचारी कशाला, अख्ख्या बसला पुरंल एवढी शेंगाची चटणी मी आणते. त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, एन माडोदु, रंभाक्का. म्हणजे काय करायचं. मी म्हणलं, खायची, दुसरं काय करायचं!

२३ जानेवारी

मी स्वतः काय सोडावं, हा प्रश्न. आंबा? न्हाय. वांगं? मेले तरी न्हाय.

ठरलं. पडवळ. लहानपणापासनं मला ते ताटात बघवत न्हाय. नियम आवडीची वस्तू असा हाय, पर आवड ज्याची त्याला ठाऊक, गंगा काय चौकशी करत बसणार हाय. घरात कुणाला सांगायचं न्हाय. एकदा पडवळ सोडलं की अंकिताला करता यायचं न्हाय.

मालकांनी मात्र खरी आवडीची वस्तू सोडायची. त्यात फसवाफसवी चालायची न्हाय.

२८ जानेवारी

दिवसभर चटणी. दाणे खमंग भाजले, सालं पाखडली, लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून उखळात कांडली. तेल सुटेपतोर. मिक्सरमध्ये करणाऱ्या बायकांचं तोंड मला बघवत न्हाय.

मीठ मी हातानं टाकते. चाखत न्हाय. बीपी निघाल्यापासनं डॉक्टरनं मला असलं सगळं बंद केलंय. पर माझ्या हातालाच चव हाय. जेवताना घरात कुणी एक शब्द बोलत न्हाय, पाणी तेवढं सारखं मागतात. चांगल्या चटणीची हीच खूण. मालक तर पुरवून पुरवून खातात, वाढलेली चटणी शेवटपतोर ताटाच्या कडंला तशीच असते.

अंकिता म्हणाली, आत्या, एवढी कशाला, ओझं होईल. मी म्हणलं, जीव लावायला ओझं होत न्हाय. तिनं मालकांकडं बघितलं. मालकांनी वरती पंख्याकडं.

१ फेब्रुवारी, बसमध्ये

निघालो. खिडकीची सीट मला. मालक शेजारी नको म्हणाले, वाटेच्या बाजूला बसतो म्हणाले, पाय मोकळे राहतात. मग एकदम मागच्या सीटवर गेले, वच्छलाजवळ. बरं झालं. काम सुरू झालं.

तुळजापूरला तोंड वळवून बघितलं, दोघं हसत होती. तंबाखूचं बोलताना हसायला काय झालं? पर वच्छलाची पद्धत असंल. मी रागावून सांगते, ती हसून सांगते. शेवटी गोष्ट एकच.

२ फेब्रुवारी, जबलपूरच्या अलीकडं

आचाऱ्यानं पिठलं केलं. मी सीटा सीटांवरनं चटणी वाढत गेले. काय ही माणसं! एकाचं तोंड आलेलं. एकीला पित्त. एकीचा सोमवार. दोघीतिघींची दाढ दुखते. चन्नवीर म्हणाला, रंभाक्का, गाडी चालवणाऱ्याला तिखट देऊ नका, डोळ्यातनं पाणी येतं, रस्ता दिसत न्हाय. एवढ्या आजारी माणसांनी यात्रेला यावंच कशाला म्हणते मी.

वच्छला मात्र शहाणी. कागदात बांधून पिशवीत ठेवली, नंतर खाते म्हणाली. मालकांनीसुदिक तेच केलं. पुरवून खायची सवय.

मालक बसच्या मागं जाऊन तंबाखू मळत होते. मी मनात म्हणलं, मळा. चार दिवस राहिलेत तुमचे.

४ फेब्रुवारी, काशी

पोचलो. थंडी मरणाची. गल्ली अशी की समोरनं बैल आला तर एकानं मागं सरायचं, आन बैल सरत न्हाय. म्हणजे मी सरले. जन्मात पहिल्यांदा कुणासाठी मागं सरले. मालकांनी बैलाला हात जोडले.

दर्शनाची लाईन लई मोठी. पोलिसाला सांगितलं, आमी सोलापूरहून आलोय, सिद्धेश्वराच्या गावाहून, आमाला महादेव काही नवा न्हाय, पुढं सोड. त्यानं ऐकून घेतलं आन लाईनीच्या शेवटाला नेऊन सोडलं. मराठी येत नसंल.

दर्शन मात्र झकास. डोळ्यात पाणी आलं. धक्का लागला म्हणून न्हाय, खरंच आलं. देवाला म्हणलं, तो पांढरा डाग तेवढा जाऊ दे. बाकी माझं मी बघते.

बाहेर एक मिठाई खाल्ली. हिरवीगार, बोटाएवढी, आत खवा भरलेला. अशी चव आयुष्यात घेतली न्हवती. नाव विचारायचं राहिलं. जाताना किलोभर न्यायची.

५ फेब्रुवारी, धर्मशाळा

चटणीचा डबा वाटून वाटून संपला होता, शेवटची पिशवी गॅलरीत ठेवली होती. माकडानं पळवली! कठड्यावर बसून फाडली, बोटभर तोंडात घातली. थांबलं. पिशवीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग पिशवी खाली गल्लीत टाकली आन पळत जाऊन पाण्याच्या टाकीत तोंड घातलं.

माकडाला काय कळतं.

मालक त्या माकडाकडं असं बघत होते, जणू शाळेतला दोस्त भेटलाय.

६ फेब्रुवारी, सारनाथ

वच्छलासाठी आलो. ती सकाळपासनं गप्प होती, पांढरी साडी नेसलेली. मोठा विटांचा स्तूप हाय, त्याच्यापुढं हात जोडून बसली, वंदना म्हणाली. तिचा चेहरा बघितला आन मला बोलायचं होतं ते मी विसरून गेले. लई शांत जागा. मला शांततेची सवय न्हाय, कानात वाजल्यागत झालं.

गाईड म्हणाला, बुद्धांनी पहिला उपदेश हितंच केला, ऐकायला पाच जण होते. मी म्हणलं, पाचानं पाच ऐकलं, नशीब म्हणायचं. आमच्या घरात एक ऐकत न्हाय. वच्छला म्हणाली, रंभा, त्यांचा आवाज बारीक असंल. मला काही उमजलं न्हाय.

नंतर ती आन मालक झाडाखाली लई वेळ बोलत बसले. मालक मान हलवत होते. मधीच दोघांनी माझ्याकडं बघितलं. मालकांचा चेहरा एकदम मोकळा झाला, मोठं ओझं उतरल्यागत. मी लांबूनच ओळखलं. पटलं. सुटली तंबाखू.

जिवाची मैत्रीण असावी तर अशी. सोलापूरला गेल्यावर तिला इरकल घ्यायची.

७ फेब्रुवारी, सकाळ, गंगेवरनं आल्या आल्या

साडी वाळायच्या आधीच बसले. सगळं नीट लिहिते.

घाटावर पंड्यानं मंत्र म्हणला. एकेकानं पाण्यात उतरायचं आन सोडलं म्हणायचं. पहिली मी. पंड्या म्हणाला, क्या छोड रही हो माताजी? मी म्हणलं, पडवळ. तो म्हणाला, परवल? मी म्हणलं, हां हां, पडवल. त्यानं डोळे मोठे केले. परवल! माताजी, बहुत बडा त्याग! बाजूच्या दोन तिकडच्या बायांनी मला हात जोडले. ह्या मुलखात पडवळाला लई मान दिसतोय.

मग मालक. गुडघाभर पाण्यात उभे. मी वरनं खूण केली, बोला. मालकांनी डोळे मिटले आन खड्या आवाजात म्हणाले, जी वस्तू मला जगात सगळ्यात प्यारी हाय ती सोडतो. आमच्या मंडळीच्या हातची शेंगाची चटणी.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हणलं, अहो, तंबाखू! मालक म्हणाले, तंबाखूची सवय हाय, आवड न्हाय. नियम आवडीचा हाय. माझी आवड तुझी चटणी. का, तुला वाटतं मला चटणीपेक्षा तंबाखू जास्त आवडते?

 अख्खी बस ऐकत होती. बायका म्हणाल्या, अगं बाई, केवढं प्रेम! एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला बरं म्हणलं न्हाय, आन आज गंगेत उभं राहून, मंत्रासकट! मी काय म्हणायचं, न्हाय हो, तंबाखूच जास्त आवडते तुमाला?

मी पदरानं डोळे पुसले. मागं सगळ्यांची गडबड चालली होती, एकेक जण घाईघाईनं पाण्यात उतरत होता. हसत होते सगळे. पंड्या पुन्हा पुन्हा विचारत होता, ये शेंगा चटनी क्या चीज है? माझ्या चटणीचं नाव काशीच्या पंड्याच्या तोंडात!

तंबाखूचं उद्या बघू. आज न्हाय.

८ फेब्रुवारी

मिठाई घ्यायला गेले. दुकानदाराला नाव विचारलं. म्हणाला, परवल की मिठाई.

मी म्हणलं, कसलं परवल. त्यानं टोपलीतनं भाजी काढून दाखवली, तोंडल्यागत, जरा मोठी. पडवळाशी नातं न्हाय, गोतं न्हाय.

धावत घाटावर गेले. पंड्याला म्हणलं, बाबा रे, चूक झाली, ते खोडून टाक, मला लांबडं वाकडं पडवळ सोडायचं होतं. तो म्हणाला, माताजी, गंगा में छोडा हुआ वापस नहीं आता. मी भांडले. हिंदीत भांडता येत न्हाय म्हणून हरले.

एक चवीची वस्तू आयुष्यात सापडली, ती चार दिवसांत गेली.

१२ फेब्रुवारी, सोलापूर

घरी. अंकितानं गरम जेवण तयार ठेवलं होतं. कडक भाकरी, दही आन पडवळाची भाजी. मी म्हणलं, मी काशीत पडवळ सोडलंय. मालक म्हणाले, खोटं बोलू नये यात्रेहून आल्यावर, तू परवल सोडलंयस. सगळ्यांनी ऐकलंय.

खाल्लं.

मालक दह्याबरोबर भाकरीमागनं भाकरी चापत होते. लगनानंतर एवढं जेवताना बघितलं न्हवतं. जेवून उठले आन माझ्यासमोर, लपवून न्हाय, समोर, पुडी काढली. म्हणाले, जे सोडायचं ते गंगेत सोडलं. उरलं ते उरलं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. काशीत एकच वस्तू सोडायची. ती सोडून झाली. म्हणजे तंबाखूला आता काशीचं भ्या न्हाय. मीच नेलं, मीच घाटावर उभं केलं, आन मीच डोळे पुसले!

पर चटणी प्यारी होती हे तर खरं. तंबाखूपेक्षा प्यारी. तेवढं मी कुणाला काढून घेऊ देणार न्हाय.

१६ फेब्रुवारी

आज मालकांना गोड बोलून विचारलं, चटणीचं तुमाला सुचलं कसं हो? म्हणाले, मला कुटलं सुचतंय, वच्छलाताईंनी सुचवलं. सारनाथला. म्हणाल्या, भावजी, नको म्हणलं की माणसाला राग येतो, आवडीचं म्हणून सोडलं की येत न्हाय.

वच्छला! जिला मी तंबाखूच्या कामावर लावलं ती!

तशीच शेजारी गेले. ती शेवया वाळत घालत होती. म्हणलं, मी तुला मालकांच्या डोक्यात काय घालायला सांगितलं होतं? म्हणाली, गंगेत काय सोडायचं ते. घातलं की. मी म्हणलं, वच्छला, तू मला दगा दिलास. तिनं मान हलवली. म्हणजे ती मान सगळ्यालाच हलवते! एवढी वर्षं मी समजत होते हो म्हणते.

जळते ती. तिच्या चटणीला कुणी विचारत न्हाय म्हणून.

इरकल रद्द.

१७ फेब्रुवारी

निर्णय. मावंदं घालायचं. काशीहून आल्यावर गंगापूजन आन जेवण घालतात ते. तसं घालायचंच होतं, आता मुद्दाम मोठं घालायचं. अख्खी बस बोलावणार. वच्छलालासुदिक. पानात डाव्या बाजूला मीठ, लिंबू आन शेजारी माझी चटणी. जबलपूरला सगळे आजारी होते, आता बरे झाले असतील. बोटं चाटत खाताना वच्छलाला बघू दे. मालकांना बघू दे, काय सोडून बसलेत ते. पस्तावून तंबाखू घ्या पर चटणी द्या म्हणतील. तवा मी म्हणणार, बघू.

अंकिता म्हणाली, आत्या, चटणीच्या जागी कोशिंबीर करूया का. मी म्हणलं, ह्यावर डायरीत लिहीन, मग बोलीन. लिहिलं. आता बोलते. न्हाय.

२१ फेब्रुवारी

कांडून खांदे गेले. एवढी चटणी ह्या घरात कधी झाली न्हवती. मीठ नेहमीपेक्षा जरा सढळ टाकलं, पाहुण्यांचं काम हाय.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

मावंदं झालं. लिहू का नको असं झालंय.

गंगेच्या लोट्याची पूजा झाली. पंगत बसली, अंगण भरलं. बुंदी, आमटी, भात, वांग्याची भाजी. चटणी मी स्वतः वाढायला घेतली, दुसऱ्या कुणाच्या हातात दिली न्हाय.

पहिला चन्नवीर. मी पळी खाली नेली, त्यानं पानावर पंजा आडवा धरला. म्हणाला, नको रंभाक्का, काशीत बिट्टे. बिट्टे म्हणजे सोडली. एवढं कानडी मला येतं. मी म्हणलं, काय सोडली? म्हणाला, शेंगाची चटणी. लई आवडायची.

त्याच्या शेजारचा. हात आडवा. काशीत सोडली. त्याच्या पुढची, जबलपूरला पित्त झालेली. हात आडवा. सोमवारवाली, दाढवाल्या, सगळ्या. मी पळी घेऊन पुढं जाईन तसे पुढचे हात आपोआप आडवे पडत गेले. पंगतभर. तवा घाटावर मागं ती गडबड चालली होती ती ही.

वच्छलापाशी आले. म्हणलं, तू तर गंगेत उतरलीच न्हाईस. तुमच्यात असलं सोडायचं न्हाय. ती म्हणाली, न्हाय गं आमच्यात. पर तुमची ही एक रीत मला लई पटली. मी सारनाथलाच सोडली, मनातल्या मनात.

मागं वळले. अंकिता पाण्याचा जग घेऊन उभी. म्हणलं, तू घे. तू काशीला आलीच न्हवतीस. तिनं जग छातीशी धरला. म्हणाली, आत्या, मामांना मी फोन केला होता. त्यांनी माझ्या नावानंबी सोडली. आन ह्यांच्याबी. म्हणजे ऋतुराजच्या. माझा पोरगा, ज्याची शपथ मोडताना बापाला काही वाटलं न्हाय, त्याची चटणी मात्र बापानं गंगेत बिनचूक सोडली.

मी पातेलं खाली ठेवलं आन पंगतीच्या शेवटाला रिकाम्या पानावर बसले. बीपी गेलं खड्ड्यात म्हणलं. बोटभर मीठ घेतलं शेजारचं, आधी ते चाखलं. मग चटणी चाखली.

दोन्ही सारखंच लागलं.

कुणी हसलं न्हाय. हसले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते. वच्छलानं पाणी आणून दिलं. मी प्याले. अजून मागितलं.

मालकांना म्हणलं, लगीन झाल्यापासनं अशी हाय का? म्हणाले, न्हाय न्हाय, पहिली लई चांगली असायची. तू चाखायची बंद झालीस तवापासनं. मी म्हणलं, मग सांगायला काय झालं होतं? मालकांनी अंकिताकडं बघितलं. अंकितानं वच्छलाकडं. वच्छलानं चन्नवीरकडं. चन्नवीरनं गंगेच्या लोट्याकडं.

भांडी घासताना वच्छला म्हणाली, रंभा, तुला सांगणार कोण बाई? एकदा मी आमटी पातळ झालीय म्हणलं, तर तू गणपतीपासनं गड्ड्यापतोर माझ्याशी बोलली न्हाईस. मी म्हणलं, आमटी पातळ न्हवतीच. तिनं मान हलवली. आता त्या मानेचा अर्थ मला कळतो.

मीठ जास्त झालंय, हे तीन शब्द सांगायला माझ्या घरच्यांना काशीपतोर जावं लागलं.

तरी मालकांपाशी गेले. म्हणलं, उद्यापासनं मी मीठ कमी करते, चाखून करते, तुमी तंबाखू सोडा. बरोबरी. म्हणाले, कमी मिठाची केलीस तरी मला आता चालत न्हाय, गंगेत सोडलीय. आन तंबाखू सोडायची तर परत काशीला जायला लागंल. मी म्हणलं, त्या गालातल्या डागाला काशी ठाऊक न्हाय. त्यांनी गालाला आतनं जीभ लावून बघितली. मी बघितलं ते.

मग मला एक लई भारी सुचलं. त्यांच्या सदऱ्यातली पुडी काढली आन चटणीच्या मोठ्या डब्यात, पार तळाला, पुरून टाकली. अख्ख्या घरात त्या डब्याला हात लावायची आता कुणाला परवानगी न्हाय. गंगेचाच पहारा हाय. शोधू द्या. काशीचा असाबी उपयोग.

आज शांत झोप लागंल.

२३ फेब्रुवारी, सकाळ

मालक कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले आन दुसरी पुडी घेऊन आले. टपरी हाय हे माझ्या ध्यानात आलं न्हाय.

पुडी डब्यात फुटली. चटणीला तंबाखूचा वास लागलाय. एवढे दाणे टाकवत न्हाईत, आन द्यायचे तर द्यायचे कुणाला? सगळ्या घरानं सोडलीय, शेजारानं सोडलीय, बसनं सोडलीय.

खायला मोकळी अशी मी एकटीच उरले. मी परवल सोडलंय.